डॉक्टरांचा सूड, पाद्रीबाबांचं मौन

पुस्तकांची उलटतपासणी: वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त वकीलबाईंची उत्तरं

मागच्या अंकात अमेरिकन लेखक नॅथॅनिएल हॉथॉर्नची ‘द स्कार्लेट लेटर’ ही कादंबरी वाचा म्हणून सुचवलं होतं, आणि वाचून झाल्यावर भांडायला या असंही लिहिलं होतं. आलात! या सदराला एरवी पत्रं येतात ती ‘अमुक पुस्तक कुठे मिळेल’ अशी. या वेळी मात्र लोक चिडून लिहितायत, घरात तट पडलेत. आमच्या बाररूममधल्या एका जुन्या सहकाऱ्याने तर फोनवर तासभर आरोपीची बाजू मांडली. (कोणत्या आरोपीची, ते पुढे येईलच. एका वाचनालयातली प्रत ज्यांनी मुदत उलटून गेल्यावरही ठेवून घेतली आहे त्यांनी ती द्यावी, रांगेत चार जण आहेत.)

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी हकिगत थोडक्यात. सतराव्या शतकातलं, १६४० नंतरचं बॉस्टन. इंग्लंडहून आलेल्या कडक धार्मिक प्युरिटन लोकांची वसाहत. हेस्टर प्रिन या तरुण बाईचा वयस्क नवरा तिला पुढे पाठवतो आणि स्वतः दोन वर्षं बेपत्ता होतो. तिला मूल होतं. नवरा बहुधा समुद्रात बुडाला असावा, म्हणून न्यायाधीश दया दाखवून फाशी टाळतात आणि शिक्षा देतात ती अशी: भरबाजारात चौथऱ्यावर तीन तास उभं राहायचं आणि छातीवर लाल ‘ए’ हे अक्षर (‘अ‍ॅडल्टरी’चं, म्हणजे व्यभिचाराचं, पहिलं अक्षर) जन्मभर वागवायचं. मुलीचा बाप कोण, हे ती सांगत नाही. नेमका त्याच दिवशी नवरा गर्दीत येऊन उभा असतो. तो रॉजर चिलिंगवर्थ असं खोटं नाव घेतो, डॉक्टर म्हणून गावात राहतो आणि आपली ओळख फोडणार नाहीस असं वचन तुरुंगात जाऊन तिच्याकडून घेतो. मुलीचा बाप असतो आर्थर डिम्सडेल, गावाने डोक्यावर घेतलेला तरुण पाद्री. डॉक्टरला त्याचा वास लागतो. तो पाद्रीबाबांचाच वैद्य होतो, त्यांच्याच घरात राहायला येतो आणि वर्षानुवर्षं त्यांचं मन कुरतडत बसतो. सात वर्षांनी पाद्री भर दिवसा त्याच चौथऱ्यावर चढतो, हेस्टरचा आणि छोट्या पर्लचा हात धरून कबुली देतो आणि तिथेच मरतो.

गुन्हा पुस्तक उघडण्याआधीच घडून गेला आहे. लेखक तो एकदाही दाखवत नाही. आम्हा फौजदारी वकिलांना ही मांडणी ओळखीची वाटते, कारण आमच्याही हातात कायम नंतरचेच कागद येतात.

आता प्रश्न.

तिघांत सर्वांत मोठा अपराधी कोण? आमच्या घरात सासूबाई म्हणतात हेस्टर, मिस्टर म्हणतात पाद्री आणि मी म्हणते डॉक्टर. निकाल द्या. (एक वाचक, इंदिरानगर)

निकाल तुमच्या बाजूने. पण सासूबाईंना सांगायला जाण्याआधी कारणं ऐकून घ्या, नाहीतर अपील होईल.

चिलिंगवर्थने गुन्हा काय केला, हे कुठल्याही कलमात बसवून दाखवा. विष दिलं नाही, मारहाण केली नाही, धमकी दिली नाही, पैसे मागितले नाहीत. उलट औषधं दिली, पाद्रीबाबांना जगवलं. आणि खरी गोम तिथेच आहे. फिर्यादी म्हणून त्याची बाजू भक्कम होती. आपल्याकडच्या भारतीय दंड संहितेत ४९७ कलम होतं तोवर व्यभिचाराची फिर्याद मुख्यतः नवऱ्यानेच द्यायची असे, शिक्षा परपुरुषाला होई, पाच वर्षांपर्यंत, आणि बायकोला सहआरोपीसुद्धा करता येत नसे. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी ते कलम घटनाबाह्य ठरवलं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या न्याय संहितेत ते नाहीच. बॉस्टनच्या त्या काळात तर नवऱ्याच्या एका शब्दावर पाद्रीबाबांच्या गळ्यात दोर पडू शकला असता. चिलिंगवर्थ तो शब्द उच्चारत नाही. फिर्याद दिली की प्रकरण सरकारचं होतं. साहेब शिक्षा देणार, आरोपी ती भोगणार आणि एक दिवस मोकळा होणार. हा मोकळा होणं हेच डॉक्टरला नको आहे. त्याला शिक्षा नको, आरोपी हवा आहे, रोज हाताशी, आणि तोही घाबरलेला.

म्हणून तो पाद्रीबाबांचं गुपित जिवापाड सांभाळतो. गावात ते गुपित त्याच्याइतकं कुणालाच मोलाचं नाही, खुद्द पाद्रीबाबांनाही नाही. एका दुपारी पाद्रीबाबा जाडजूड ग्रंथ पुढ्यात ठेवून खुर्चीत गाढ झोपलेले असतात. डॉक्टर येतो, त्यांच्या छातीवरचं वस्त्र बाजूला करतो, काहीतरी बघतो आणि आनंदाने अक्षरशः नाचायच्या बेतात येतो. काय बघितलं ते लेखक सांगत नाही. पण ती दुपार वाचताना मला चौथऱ्यावरच्या शिक्षेपेक्षा जास्त शहारा आला. तिथे निदान माणूस जागा होता.

यावर तुमच्या मिस्टरांचं म्हणणं असेल की बिचाऱ्या नवऱ्याचं घर उद्ध्वस्त झालं, तो चिडणारच. कबूल. तो मूळचा दुष्टही नाही, अभ्यासू, सरळ माणूस आहे. तुरुंगात हेस्टरला तो स्वतःच सांगतो की पहिला अन्याय माझा, तुझ्या उमलत्या वयाला मी माझ्या उतरणीशी बांधलं. केवढं शहाणं विधान आहे ते! कोर्टात असा जबाब कुणी दिला असता तर मी त्याच्या शिक्षेत सूट मागितली असती. पण ज्याला एवढं कळतं तो त्याच बैठकीत तिच्या प्रियकराला शोधून काढण्याची शपथ घेतो. न कळून केलेल्याला माझ्याकडे पुष्कळ जागा असते. कळून, थंडपणे, वर्षानुवर्षं करणाऱ्याला नाही.

पुढे जंगलातल्या भेटीत पाद्रीबाबाही हेच म्हणतात, की त्या म्हाताऱ्याचा सूड माझ्या पापाहून काळा आहे, त्याने थंड डोक्याने माणसाच्या काळजाचं पावित्र्य भंगवलं. निकाल बरोबर आहे, फक्त तो देणारा स्वतःच आरोपी आहे, एवढं लक्षात ठेवा.

माझा एक पक्षकार दिंडोरी तालुक्यातला होता. चुलतभावाशी विहिरीच्या पाळीवरून वाद. द्राक्षबागेला पाणी कुणी कधी घ्यायचं, एवढाच मामला. तडजोडीचे प्रस्ताव आले, भावाने दोन पावलं मागे घेतली, न्यायाधीशांनी समजावलं, मी समजावलं. हा प्रत्येक तारखेला पहाटेची एसटी धरून नाशिकच्या सीबीएस स्थानकावर उतरायचा, भाऊ कोर्टाच्या आवारात दिसला की याचा चेहरा उजळायचा. मग तो भाऊ वारला. मी म्हटलं, आता वारस दाखल करावे लागतील. हा गप्प बसून राहिला आणि मग विचारतो, “पोरांशी काय भांडू बाई? तारखेला आता कुणाला बघायचं?” त्या हंगामात त्याने बागेची छाटणीसुद्धा धड केली नाही. चिलिंगवर्थ पाद्रीबाबांच्या मृत्यूनंतर वर्षाच्या आत का वाळून जातो, हे ज्यांना पटलं नाही (तशी दोन पत्रं आहेत) त्यांना माझ्याकडून एवढंच.

काकू, मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. डिम्सडेल सात वर्षं झुरतो, उपास करतो, रात्र-रात्र जागतो, स्वतःला चाबकाने फोडतो. हे प्रायश्चित्त नाही का? लेखक त्याला शांती का देत नाही? (नाशिकरोड)

बाळा, तुला परीक्षेत उपयोगी पडेल असं एक सांगते. मनुस्मृतीशी माझी भांडणं पुष्कळ आहेत, पण तिच्या अकराव्या अध्यायात पापातून सुटण्याचे मार्ग सांगितलेत: ‘ख्यापनेनानुतापेन तपसाऽध्ययनेन च’. म्हणजे आधी ते जाहीर सांगणं, मग पश्चात्ताप, तप आणि अध्ययन. क्रम बघ. डिम्सडेलने शेवटचे तिन्ही मार्ग हाडं दिसेपर्यंत केले. पश्चात्ताप तर रोजचाच, तप म्हणजे उपास आणि कपाटात लपवलेला रक्ताळलेला चाबूक, अध्ययनाला ग्रंथांची खोली भरलेली. राहिलं फक्त पहिलं. ते चर्चच्या पायऱ्या उतरून बाजारात जाण्याइतकं जवळ होतं.

तू म्हणशील, तो तर व्यासपीठावरून सांगत होता की मी पापी आहे, अधम आहे. होय, आणि लोक म्हणत होते, ‘केवढे हे संत, स्वतःला पापी म्हणवून घेतात!’ हे त्याला ठाऊक होतं. लेखक स्पष्टच सांगतो, तो पश्चात्तापी ढोंगी होता. दंडाधिकाऱ्यासमोर कबुलीजबाब नोंदवतात (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १६४ कलम, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेतलं १८३), तेव्हा साहेब आधी बजावतात: कबुली द्यायचं तुझ्यावर बंधन नाही आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. मग विचारतात, काय केलंस, कधी, कुठे, कुणासोबत. ‘मी फार वाईट माणूस आहे’ असं कुणी तिथे म्हणालं तर शिरस्तेदारसुद्धा लेखणी उचलणार नाही. डिम्सडेलच्या प्रवचनात ना तारीख, ना जागा, ना नाव. अशी कबुली देणाऱ्याचं काहीच जात नाही. त्याचं तर मानधन वाढत होतं म्हण ना, भक्तीच्या रूपात.

तरी त्याची बाजू घ्यायची असेल (आमच्या बाररूममधल्या मित्राने ह्याचीच घेतली) तर बारावं प्रकरण घे. मध्यरात्री तो त्या चौथऱ्यावर जाऊन उभा राहतो. गाव झोपलेलं. तो किंचाळतो, लोकांना वाटतं चेटकिणी उडत चालल्या. हेस्टर आणि पर्ल योगायोगाने तिथून जात असतात, तो त्यांना वर बोलावतो, तिघे हात धरून उभे राहतात. सात वर्षांची पोर विचारते, उद्या दुपारी आईसोबत आणि माझ्यासोबत इथे उभा राहशील? तो म्हणतो, उद्या नाही, कयामतीच्या दिवशी. आईच्या कुशीत असल्यापासून आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिलेली ही साक्षीदार एका प्रश्नात उलटतपासणी संपवते, असा प्रश्न मला उभ्या वकिलीत सुचला नाही. पुढची गंमत तर हसू आणि संताप एकदम आणणारी आहे. दुसऱ्या दिवशी चर्चचा सेवक पाद्रीबाबांचा हातमोजा आणून देतो, चौथऱ्यावर सापडला म्हणून, आणि वर म्हणतो की सैतानानेच तो तुमची बदनामी करायला तिथे टाकला असणार. मुद्देमाल हातात, जागा ठरलेली, आणि तरी संशय सैतानावर! पाद्रीबाबा आभार मानून हातमोजा घेतात.

आणि सर्वांत आधीचा प्रसंग विसरू नकोस. हेस्टर बाळाला घेऊन पहिल्यांदा चौथऱ्यावर उभी आहे. वर सज्जात गव्हर्नर, धर्मगुरू. तिने बापाचं नाव सांगावं म्हणून तिला जाहीरपणे समजावण्याचं काम कुणाला देतात? डिम्सडेललाच. आरोपीलाच सरकारी वकील नेमलंय! तो किती सुंदर बोलतो बघ: माझी दया करू नकोस, नाव सांग, अशा अर्थाचं. ती सांगत नाही. त्याला त्या क्षणी किती हायसं वाटलं असेल, हे लिहायला लेखकाने शब्द खर्च केलेले नाहीत, गरजही नव्हती.

लेखक त्याला शांती देतो, पण कबुलीनंतर. मला मात्र शेवटावरही एक आक्षेप आहे. जंगलात हेस्टर आणि तो जहाजाने ब्रिस्टलला पळून जायचं ठरवतात. जहाज चार दिवसांनी सुटणार म्हटल्यावर पाद्रीबाबांना आनंद होतो. कशाचा? नव्या गव्हर्नरच्या निवडणुकीच्या दिवशीचं मानाचं प्रवचन त्याआधी उरकता येईल, याचा. आणि अखेर कबुली देतो तीही आयुष्यातल्या सर्वांत गाजलेल्या प्रवचनानंतर, मिरवणूक थांबवून, गाव जमलेलं असताना, मरण दारात उभं असताना. मेल्यावर शिक्षा भोगायची ती मागे राहिलेल्यांनी. तुला कठोर वाटत असेल. अभ्यास संपला की पुन्हा वाच.

(सिंहस्थ येतोय, रामकुंडावर बुडी मारून पाप जातं का, असा प्रश्नही तू शेवटी टाकला आहेस. ते या सदराच्या अखत्यारीत येत नाही.)

अशी अक्षरं खरंच शिवत होते का? की सगळं लेखकाचं? (मालेगाव)

अक्षरं खरी. प्लिमथ वसाहतीत १६५८ चा कायदा होता: व्यभिचार केलेल्यांनी कापडातून कापलेली ‘ए’ आणि ‘डी’ ही दोन अक्षरं वरच्या कपड्यावर बाहीवर किंवा पाठीवर शिवायची. मॅसॅच्युसेट्सने (बॉस्टन याच वसाहतीतलं) १६९४ मध्ये ‘ए’ची शिक्षा आणली. त्याआधी तिथे व्यभिचाराला मृत्युदंडच होता, आणि १६४४ मध्ये मेरी लॅथम आणि जेम्स ब्रिटन या दोघांना त्यासाठी फाशी दिल्याची नोंद आहे. म्हणजे हेस्टरच्या वेळी गावाने ‘दया’ केली हे खोटं नाही. असल्या कायद्यात दया कशाला म्हणतात, तेवढं त्यातून कळतं.

हेस्टरची गोष्ट मात्र रचलेली. पुस्तकाच्या आधी लांबलचक प्रस्तावना आहे. कस्टम हाउसच्या माळ्यावर लेखकाला जुनं लाल अक्षर आणि कागद सापडले, असं त्यात लिहिलं आहे, तीही कल्पनाच. पण हॉथॉर्न त्या सेलम गावच्या कस्टम हाउसमध्ये नोकरीला होता हे खरं, आणि १८४९ मध्ये सरकार बदलल्यावर त्याची नोकरी गेली हेही. त्याच वर्षी आई वारली. मार्च १८५० मध्ये हे पुस्तक आलं आणि अडीच हजारांची पहिली आवृत्ती दहाएक दिवसांत संपली. माझ्या मते कादंबरीपेक्षाही बोलकी गोष्ट त्याच्या घराण्यात आहे. सेलममध्ये १६९२ ला चेटकीण ठरवून जे खटले चालले, एकोणीस जण फासावर गेले, त्यातल्या न्यायाधीशांपैकी जॉन हॅथॉर्न हा लेखकाचा पूर्वज. त्याच्या आधीच्या पिढीतल्या विल्यमने क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या एका बाईला फटके मारायला लावलेले. लेखकाने आडनावात एक अक्षर वाढवून घेतलं. प्रस्तावनेत तो म्हणतो की त्या पूर्वजांची लाज मी माझ्या माथी घेतो. प्रस्तावना कंटाळवाणी म्हणून सोडून दिलीत ना? निदान एवढं पान वाचा.

हेस्टर बॉस्टन सोडून जात का नाही? तिला कुणी बांधून ठेवलेलं नव्हतं. आणि युरोपातून परत येऊन स्वतःहून ते अक्षर पुन्हा लावते! मला इतका राग आला की पुस्तक आपटलं. (शिक्षिका, निफाड)

आपटा, पण विकत घेतलेलं असेल तर.

तिचं न जाणं मला समजतं. तो माणूस त्या गावात होता, हे एक. शिवाय हातात कला होती. तिची कशिद्याची कामं गव्हर्नरच्या गळ्याच्या झालरीवर, सैनिकांच्या पट्ट्यांवर, बाळांच्या टोपड्यांवर, प्रेतांच्या कफनांवरही गेली. नववधूच्या ओढणीवर मात्र तिचा टाका कधी पडला नाही. गावाला तिचे हात चालत होते. आपल्याकडे ज्या बायकांना सण-समारंभात पुढे येऊ देत नसत, त्यांनीच माजघरात पुरणाची चूल सांभाळलेली असे, तुम्हाला सांगायला नको.

राग योग्य ठिकाणी काढायचा तर तो गावावर काढा. आणि हे फक्त बॉस्टनचं नाही. ज्योतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते इथल्या हेस्टरांसाठीच. फसलेल्या विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. पुढे तिथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचं मूल त्यांनी दत्तक घेतलं, तोच यशवंत. सुरतेत १८८१ साली विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला अनौरस मुलाच्या हत्येबद्दल फाशी सुनावली गेली, पुढे ती जन्मठेपेवर आणली. वर्तमानपत्रांनी बायकांच्या चारित्र्यावर रकाने भरले, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून सगळ्या पुरुषांनाच पिंजऱ्यात उभं केलं. हॉथॉर्न पाद्रीबाबांविषयी जे मऊपणे लिहितो ते ताराबाईंच्या हाती पडलं असतं तर! मौन पाळणाऱ्या पुरुषाचं दुःख हॉथॉर्नला फार सुंदर दिसतं, ही माझी त्याच्यावरची मुख्य तक्रार आहे.

वाळीत टाकणं तर परवापरवापर्यंतचं आहे. २०१३ मध्ये आपल्या नाशिकमध्येच आंतरजातीय लग्न केलेल्या एका गरोदर मुलीचा बापाच्या हातून खून झाला, त्यानंतर जातपंचायतींविरुद्ध मोहीम उभी राहिली आणि महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा मिळाला.

तिच्यावर रागवायचंच असेल तर एका गोष्टीसाठी रागवा. तिने दोन गुपितं पाळली. एक प्रियकराचं, ते तिचं होतं, तिने ठरवायचं. दुसरं नवऱ्याचं, त्याची किंमत तिसराच मोजत होता. वैरी एका छपराखाली राहतोय हे तिला ठाऊक, आणि ती सात वर्षं गप्प. जंगलात ती हे त्याला सांगते आणि त्याचा राग सोसते, माफी मिळेपर्यंत त्याला सोडत नाही. त्या पानांवर ती मला सर्वांत मोठी वाटते.

परत येण्याबद्दल मी तुमच्याच बाजूला आहे. लेखक म्हणतो, गावातल्या दुखावलेल्या बायका तिच्याकडे सल्ल्याला येत, अक्षराची लाज गेली, आदर आला. असेल. पर्ल कुठेतरी दूर सुखात असताना आईने तिथे जाऊन नातवंडं का खेळवू नयेत?

तपोवनात लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं, तसंच हे छातीवरचं अक्षर नाही का? (पंचवटी)

बाईच्या शरीरावर शिक्षा लिहायची, म्हणजे ती जिथे जाईल तिथे निकालपत्र सोबत जातं. इथवर साम्य आहे. पण शूर्पणखेला जायला जागा होती. ती आधी खराकडे गेली, मग रावणाकडे, आणि तिच्या अपमानापायी लंका जळाली. हेस्टरला भाऊ नाही, दरबार नाही. सूड घ्यायचं सगळ्यांत सबळ कारण जिच्याकडे आहे तीच घेत नाही. ती साध्वी आहे असं मात्र समजू नका. डॉक्टरला पाठमोरा जाताना बघून ती म्हणते, पाप असो नसो, मला या माणसाचा द्वेष वाटतो. मला ते वाक्य फार आवडतं.

मुलगी नववीत आहे. वाचायला देऊ का?

द्या. वावगं एक वाक्य नाही. वाक्यं लांब आहेत, तेवढंच.

चिलिंगवर्थ मरताना सगळी इस्टेट पर्लला देतो, हे मला पटलंच नाही. ज्याच्यावर सूड घेतला त्याच्या मुलीला? लेखकाने गोड शेवटासाठी घुसडलं असं वाटतं. (निवृत्त बँक अधिकारी, महात्मानगर)

मृत्युपत्रं मी पुष्कळ पाहिली, केली आणि फिरवलीही. लोक आयुष्यभर बोलले नाहीत ते तिथे बोलतात, आणि बहुतेकदा ते मायेचं नसतं. तरीही हे गोड शेवटासाठी आहे असं मला वाटत नाही, उलट यात एक कडू गोळी आहे.

हिशेब बघा. बापाने पर्लला काय दिलं? चौथऱ्यावरची काही मिनिटं, एक चुंबन आणि नाव, तेही स्वतः मरता मरता. पोटापाण्याचं, लग्नाचं, गावातून बाहेर पडण्याचं जे काही तिला मिळालं ते बापाच्या वैऱ्याकडून, अमेरिकेतली आणि इंग्लंडमधली मालमत्ता. ती वसाहतीतली सर्वांत श्रीमंत वारसदार होते आणि गावाचा तिच्याकडे बघण्याचा डोळा लगेच बदलतो, हेही लेखक खवचटपणे नोंदवतो. कायद्याने बघितलं तर हेस्टर चिलिंगवर्थची बायकोच होती, घटस्फोट झालेलाच नव्हता. लग्नाच्या आत जन्मलेलं मूल नवऱ्याचं, हे गृहीत आपल्या पुरावा कायद्यातही आहे. नवरा-बायकोची भेट शक्यच नव्हती हे सिद्ध केलं तरच ते उलटतं. चिलिंगवर्थला ते सिद्ध करणं सोपं होतं. त्याने काहीच सिद्ध केलं नाही आणि तिला वारस केलं. मग हा पश्चात्ताप, की ‘जे तुझं होतं तेही शेवटी माझ्या नावाने जगलं’ असा अखेरचा टोला? डिम्सडेल हातून निसटल्यावर त्याच्याकडे द्यायला उरलं काय होतं, पैसाच. मी दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करू शकते आणि लेखकानेही निर्णय दिलेला नाही. द्वेष आणि प्रेम मुळाशी एकच असतील का, असा प्रश्न तो शेवटच्या प्रकरणात विचारतो आणि पुढे जातो.

तुम्ही बँकेतले, म्हणून एक कलम तुमच्या नजरेस आणते. त्या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून दोन नावं आहेत: गव्हर्नर बेलिंगहॅम आणि धर्मगुरू विल्सन. आठव्या प्रकरणात पर्लला हेस्टरपासून काढून घ्यावं का, असा विचार चालवणारे हेच दोघे. तेव्हा हेस्टरच्या विनवणीवरून मध्ये पडला होता तो डिम्सडेल.

पुढच्या अंकासाठी प्रश्न महिन्याच्या वीस तारखेपर्यंत पाठवा. पत्रावर गाव लिहा, नाव नको असेल तर तसं सांगा. आणि दोन ओळींत मावणारा प्रश्न दोन पानांत विचारू नका, मला चष्मा लागतो.